बावीस अंगठे

भिंतीवर एकेचाळीस खिळे होते. आठ-आठच्या पाच ओळी आणि खाली कोपऱ्यात एक सुटा. प्रत्येक खिळ्याखाली लाल ऑइलपेंटने आकडा. तीन खिळ्यांवर अजून पितळी बिल्ले लटकत होते: सहा, तेवीस आणि अडतीस. शेडमध्ये दगड दळायच्या दोन मिल, एक क्रशर, रिकाम्या गोण्या एकशे बारा, डाव्या पायाची एक प्लास्टिकची चप्पल. खिडकीच्या कठड्यावर पांढरी धूळ. मी फूटपट्टी उभी धरून तीन जागी मोजली. तिन्ही जागी चार मिलिमीटर.

कारखाना बंद होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

फोटो काढताना लक्षात आलं की चाळीस खिळ्यांवर धुळीचा थर आहे आणि एकावर नाही. सतरा नंबरचा खिळा स्वच्छ होता. त्याच्या खालच्या भिंतीवर बिल्ला घासून उमटतो तसा अर्धगोल ओरखडा होता, तोही ताजा. मी वाकून जमीन पाहिली. धुळीत अनवाणी पावलं होती, दारापासून खिळ्यापर्यंत आणि खिळ्यापासून भिंतीलगतच्या एका उलट्या घमेल्यापर्यंत. कोणीतरी तिथे बसत होतं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी त्या पावलांची लांबी मोजली नाही. बाबांच्या पावलांची लांबी मला माहीत होती, आणि मला ती तुलना करायची नव्हती.

सतरा नंबर बाबांचा होता. म्हणजे बाबांचा नव्हता, कवडूकाकांचा होता. आमचा सगळा दावा याच एका गोष्टीवर अडला होता.

*

बाबांचं नाव तेजराम. ते २०१३ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. दाखल्यावर मरणाचं कारण क्षयरोग असं आहे. शेवटची तीन वर्षं ते साकोलीच्या आमच्या घराच्या पडवीत झोपले. आईने, म्हणजे पार्वताबाईने, त्यांचं ताट वेगळं ठेवलं होतं. काठावर खिळ्याने फुली मारलेलं स्टीलचं ताट. ती ते रोज उकळत्या पाण्यातून काढायची आणि मला पडवीत जाऊ द्यायची नाही. बाबा पडवीतून ओरडून माझे पाढे घ्यायचे. सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत त्यांचा श्वास पुरायचा नाही, मग मीच पुढे म्हणून टाकायची.

२०२२ मध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी बाबांच्या एक्स-रे प्लेटा नागपूरच्या एका छातीच्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी एकामागून एक तिन्ही प्लेटा खिडकीशी धरल्या आणि विचारलं, "हे गृहस्थ दगडाच्या पावडरीत काम करत होते का?" थुंकीचे जुने तिन्ही अहवाल निगेटिव्ह होते. ते फाइलीतच होते, कोणी वाचले नव्हते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथेच राहते. तो आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही.

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"धूळच होती, त मग मी ताट काहून वेगळं ठेवलं?"

मी म्हटलं, "आई, तुले माहीत नव्हतं."

"तीन वर्सं ठेवलं वं," ती म्हणाली. मग म्हणाली, "लिहून आण. कुठी तरी सरकारी कागदावर लिहून आण, का तो मिलच्या धुळीनं मेला. दवाखान्याच्या कागदावर नाही. कोर्टाच्या."

म्हणून दावा.

*

ॲडव्होकेट चंद्रकांता मॅडमचं ऑफिस भंडाऱ्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "कंपनीवर दावा लावून काय करशील? कंपनीच नाही आहे."

धवलशिला मिनरल्स प्रायव्हेट लिमिटेड. २०१३ मध्ये मिल बंद पडली. पुढची काही वर्षं कंपनीने कोणतेच कागद भरले नाहीत, म्हणून २०१८ मध्ये कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीतून तिचं नाव काढून टाकलं गेलं. संचालक दोघे. एक वारलेला, एकाचा पत्ता नाही. नोंदणीचा पत्ता नागपूरच्या एका इमारतीतली खोली. तिथे आता शिकवणी वर्ग आहे.

"पण कंपनीनं कामगारांचा विमा उतरवला असेल," मॅडम म्हणाल्या, "तर ती विमा कंपनी जिवंत आहे. कामगाराचं देणं मालकाच्या जागी तिच्याकडून मागता येतं. फक्त पॉलिसी ज्या काळाची, तेवढ्याच काळासाठी. ती पॉलिसी शोध."

शोधणं मला जमतं. बंद कंपनीचे जुने ताळेबंद संगणकावर पाहता येतात. मी अकरा ताळेबंद उतरवून घेतले. त्यांतल्या दोनांतच विम्याचा हप्ता भरल्याची नोंद होती. पॉलिसी १ एप्रिल २००६ ते ३१ मार्च २००८ अशी होती. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही.

बाबा मिलमध्ये जून २००६ ते मार्च २००८ एवढेच होते. बावीस महिने. मी आनंदाने उडीच मारली असती, पण मॅडमनी पेन टेबलावर आपटत विचारलं, "हजेरीला नाव कोणाचं?"

नाव कवडूकाकांचं होतं. एकोडीचे कवडूकाका मिलमध्ये १९९८ पासून कायम कामगार होते, बिल्ला नंबर सतरा. २००६ मध्ये त्यांना खोकला लागला. बिल्ला सोडला असता तर परत मिळाला नसता, म्हणून त्यांनी आपल्या जागी बाबांना उभं केलं. मिलमध्ये हे चालायचं. मुकादमाला माणूस मोजायचा असे, चेहरा नाही. कोणाला धान रोवायला जायचं असलं, कोणाची बायको बाळंत व्हायची असली, की दुसरा कोणी त्याच्या बिल्ल्यावर उभा राहायचा. चार दिवस, आठ दिवस. बाबा बावीस महिने राहिले. बावीस महिने त्यांनी कवडू या नावाला ओ दिली.

आईने मला हे सगळं एकदाच सांगितलं, आणि त्याबरोबर एक गोष्ट सांगितली जी मी मॅडमना सांगितली नाही. शेवटच्या दिवशी दवाखान्यात नर्स गोळी द्यायला आली. तिने दोनदा "तेजराम" अशी हाक मारली. बाबांनी डोळे उघडले नाहीत. मग व्हरांड्यात कोणीतरी आपल्या माणसाला हाक मारली, "कवडू, ए कवडू." बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून स्पष्ट आवाजात म्हटलं, "हाजीर."

त्यानंतर ते बोलले नाहीत.

*

पहिल्या तारखेला आई आणि मी सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला गेलो. दाव्यात कंपनी पहिली प्रतिवादी होती आणि विमा कंपनी दुसरी. नसलेल्या कंपनीचं नाव कशाला घातलं, असं मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "उद्या कोणी म्हणू नये का आम्हाले बोलावलंच नाही."

त्यामुळे कोर्टाच्या शिपायाने दारात उभं राहून छाती भरून पुकारा केला. "धवलशिला मिनरल्स प्रायव्हेट लिमिटेड, हाजिर होऽऽ!" व्हरांड्यातल्या लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. पायरीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अजून जोरानं बोलवा साहेब, वर गेली असन ते."

लोक हसले. आई हसली नाही. ती दाराकडे पाहत राहिली. तिला वाटत होतं, येईल. नंतर तिने मला विचारलं, "ते कंपनी दिसाले कशी होती वं?" मी म्हटलं, कंपनी दिसत नाही. ती म्हणाली, "मग तुह्या बापाले कोणी ठेवलं होतं?"

विमा कंपनीचे वकील नागपूरहून आलेले, तरुण, नम्र गृहस्थ होते. त्यांनी आईला नमस्कारही केला. मग न्यायाधीशांसमोर म्हणाले, "तेजराम नावाचा इसम या कारखान्यात कधीही कामाला नव्हता." आणि पुराव्यादाखल चोवीस पगारपत्रकं दाखल केली.

ही पत्रकं विमा कंपनीच्याच फाइलीतली होती. मिलमध्ये दर महिन्याला पगारपत्रकाच्या दोन प्रती निघायच्या आणि कामगार दोन्ही प्रतींवर सही किंवा अंगठा करायचा. विम्याचा हप्ता किती माणसांचा, हे दाखवण्यासाठी दुसरी प्रत विमा कंपनीला जायची. मिलचे कागद कधीच नाहीसे झाले होते. हे चोवीस राहिले, कारण ते नागपूरच्या एका कपाटात होते.

त्याच दिवशी कोर्टात आणखी एक दावा होता. कवडूकाकांचा. त्यांचे वकील वेगळे होते, पण पॉलिसी तीच, महिने तेच आणि पुरावाही हीच पत्रकं. सतरा नंबरच्या ओळीत चोवीस महिने त्यांचंच नाव होतं.

मॅडमनी बाहेर येऊन मला स्पष्ट सांगितलं. "खुर्ची एक आहे अन् माणसं दोन. तू त्या बावीस महिन्यांत तुझ्या बाबांना बसवलंस, तर कवडू उठतो. एप्रिल-मेचे दोन महिने सोडले, तर त्याचे बाकीचे सगळे महिने पॉलिसीबाहेर आहेत, अन् दोन महिन्यांवर दावा उभा राहत नाही. समजून कर."

मी मान डोलावली. मग कागदपत्रं पाहायची परवानगी घेऊन कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत गेले.

चोवीस पत्रकं मी टेबलावर महिन्यांच्या क्रमाने लावली. प्रत्येकात सतरावी ओळ: कवडू, आणि समोर जांभळ्या शाईचा डाव्या हाताचा अंगठा. एप्रिल २००६ चा ठसा म्हणजे नुसता जांभळा डाग होता, आत रेषाच नाहीत. मे महिन्याचाही तसाच. जूनच्या पत्रकावर मात्र रेषा होत्या. स्पष्ट, एकाशेजारी एक, मधल्या भोवऱ्याभोवती फिरत गेलेल्या, आणि त्यांना तिरकं कापत जाणारी एक पांढरी रेघ.

मी हातातलं भिंग बाजूला ठेवलं. ती रेघ मला ओळखीची होती. धान कापताना विळा लागलेली. लहानपणी पाटीवर बाराखडी गिरवताना पाटी धरणाऱ्या अंगठ्यावर ती रोज माझ्यासमोर असायची.

बाबांना लिहिता येत होतं. त्यांची सही सुंदर होती, त वरची मात्रा पार वर जायची. विहाराच्या वर्गणीच्या वहीत, माझ्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे ती सही आहे. आमच्या घरात अंगठा उठवणं लाजेचं होतं. आजोबांनी म्हातारपणी कंदिलापुढे बसून सही शिकली होती, अंगठा उठवायला लागू नये म्हणून. पण कवडूकाका अंगठा करत. सतरा नंबरच्या ओळीत सही आली असती, तर मुकादमाने नाही, तरी पगार वाटणाऱ्या कारकुनाने विचारलं असतं. म्हणून बाबा बावीस महिने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवत राहिले. मी सहा वर्षांची होते. दिवसा ते मिलमध्ये अंगठा करायचे आणि संध्याकाळी मला अ आ इ शिकवायचे.

मी पुढची पानं पाहिली. ऑगस्टपर्यंत रेषा तशाच होत्या. दिवाळीच्या सुमारास कडेच्या रेषा तुटायला लागल्या. गोण्या भरताना, शिवताना दगडाची पूड काचकागदासारखी कातडी घासते. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात भोवरा पुसट झाला. मग पांढरी रेघ गेली. शेवटच्या पानावर, मार्च २००८ ला, मी भिंग लावून बराच वेळ पाहत होते. तिथे एप्रिल २००६ सारखाच एक जांभळा डाग होता.

रेकॉर्ड खोलीच्या कारकुनाने विचारलं, "ताई, काही सापडलं का?"

मी म्हटलं, "हो. माणूस."

*

बाबांच्या अंगठ्याचा एक निर्विवाद ठसा सरकारदरबारी होता. २००५ मध्ये त्यांनी आत्याच्या, शकुनबाईच्या, नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. दुय्यम निबंधकाकडे सहीबरोबर अंगठाही घेतात. त्या ठशाशी पत्रकांतले ठसे तज्ज्ञाकडून ताडून घ्यावेत, असा अर्ज मॅडमनी केला. बोटाची रेषा जिथे संपते किंवा जिथे तिला फाटा फुटतो, त्या जागा तज्ज्ञ मोजतात. त्यांना बिंदू म्हणतात. "बारा बिंदू जुळले," मॅडम म्हणाल्या, "का ते लिहून देतात, माणूस तोच म्हणून. एका महिन्याचा ठसा जुळला तरी तुझे बाबा मिलच्या आत होते हे ठरलं."

विमा कंपनीचे वकील म्हणाले, मग कवडूचाही नमुना घ्या. न्यायाधीशांनी सांगितलं, तो राजी असेल तर.

म्हणून मी एकोडीला गेले. दुपार होती. धानाची कापणी संपून चुरणे, म्हणजे मळणी, लागली होती. कवडूकाकांचं घर मिलपासून सहाशे मीटरवर आहे. ते अंगणात बाजेवर बसले होते, दोन्ही हात बाजेच्या कडेला टेकून, खांदे वर उचलून. नाकात नळी होती. बाजेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं, त्याची वायर खिडकीतून आत गेलेली.

"कोण वं?"

"तेजरामची मनाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागे पाहिलं. मग म्हणाले, "बस. तो बी असाच उभा राहे. आत ये म्हनल्याबिगर येतच नोहता."

पुष्पाबाई, त्यांची बायको, कोरा चहा घेऊन आली. "पयले चहा घेऊ द्या पोरीले," ती म्हणाली, "मग कोर्ट-कचेरी करजा."

मी चहा संपवला आणि विचारलं, "काका, जून दोन हजार सहापासून तुम्ही कुठी होता?"

"मिलमधी. मस्टरवर पाहून घे."

"मस्टरवर होता. तुम्ही कुठी होता?"

ते हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर मी सवयीने त्यांचा श्वास मोजला. मिनिटाला चौतीस.

"वकील झाली का मास्तरीन?"

"लॅबमध्ये आहे. भंडाऱ्याले."

"मग तुले काय लपवाव." त्यांनी नळी सारखी केली. "डागदरनं सांगतलं होतं, अजून दोन वर्सं धुळीत जासीन त मरसीन. तुह्या बापाले तवा काम नोहतं. म्या म्हनलं, तेजराम, माहा बिल्ला गरम ठेव. माहे दोन वर्सं त्यानं घेतले. आता समजलं?"

"हे कोर्टात सांगाल?"

"नाही."

"काहून?"

त्यांनी मशीनकडे बोट केलं. "हे भाड्याचं हाये. थंडीत लाइन जाते तवा पुष्पा मले पुठ्ठ्यानं वारा घालते. कोर्टात म्या सांगतलं का तेव्हा मी नोहतो, त माहा दावा गेला. मग? तुहा बाप त मेला, पोरी. त्याले आता मशीन नाही लागत."

पुष्पाबाई म्हणाली, "असं नोका बोलू."

"खरं हाये ते बोललो."

मी निघायला उठले तेव्हा मला दाराच्या चौकटीवर खिळा दिसला. त्याला पितळी बिल्ला होता. सतरा. घासून घासून कडा पातळ झालेला.

"काका, मिलमध्ये तुम्ही जाता?"

त्यांनी बाजेवरूनच बिल्ल्याकडे पाहिलं.

"सोमवारी जातो. तीनदा बसत बसत जातो. बिल्ला खिळ्याले लावतो, घमेल्यावर बसतो. भोंग्याचा टाइम झाला का काढून आनतो."

"काहून?"

"त्याची सुट्टी व्हाव म्हनून." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "म्या परत कामावर गेलो, त्यानं बिल्ला माह्या हातात देल्ला. पन खिळ्यावरून त्याचं नाव कोनी काढलंच नाही ना. लिवलंच नोहतं, त काढन कोन? आता मले कोनी कवडू म्हनून हाक मारली का मी पयले मागं पायतो. तो उभा असते. पापन्या बी पांढऱ्या. पयले तो हाजीर म्हनते. मग मी."

पुष्पाबाईने रिकामा कप उचलला आणि आत गेली.

*

कवडूकाका येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. नमुना देण्याच्या दिवशी अकरा वाजता एक ऑटो कोर्टाच्या फाटकातून आत आला. पुष्पाबाईने आधी ऑक्सिजनची लहान टाकी उतरवली, मग त्यांना.

शिपायाने पुकारा केला. "कवडू, राहणार एकोडी, हाजिर होऽऽ!"

कवडूकाका दारातच थांबले आणि वळून मागे पाहिलं. मागच्या बाकावर आई बसली होती. ती उठली. मग आईने पुढे जाऊन त्यांचा कोपर धरला.

"वहिनी, जयभीम," ते म्हणाले. "तोंडानं म्या काही बोलनार नाही."

"नोका बोलू, कवडूभाऊ. आंगठा द्या."

ती त्यांना टेबलापर्यंत घेऊन गेली. तेवढ्या चौदा पावलांत ते दोनदा थांबले. कारकुनाने त्यांचा डावा अंगठा शाईवर फिरवला आणि कागदावर टेकवला. डाग उठला. पुन्हा टेकवला. पुन्हा डाग.

"दाबून लावा ना बाबा," कारकून म्हणाला.

"दाबून काय होते? राशनच्या मशीनवर बी नाही उठत. तांदूळ मले बायकोच्या आंगठ्यावर भेटते."

कारकून हसला आणि त्याने तिसरा कागद पुढे केला. कवडूकाकांनी तिसऱ्यांदा अंगठा ठेवला. मग त्या डागाकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "तेजरामचा साफ होता. लिहिनाराचा आंगठा तो."

मॅडमनी झटकन लघुलेखकाकडे पाहिलं. तो पेन्सिलीला टोक करत होता. न्यायाधीश दुसरी फाइल वाचत होते. विमा कंपनीचे वकील जवळ उभे होते. त्यांनी ऐकलं, मला खात्री आहे, पण ते खाली पाहत राहिले. ते वाक्य कोणत्याही कागदावर नाही.

परतताना एसटीत आईने मला विचारलं, "त्यायचा दावा जाईल?"

"ठसे जुळले तर, हो. बहुतेक."

"त्यायले माहीत होतं?"

"हो."

लाखनी येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "पुठ्ठ्यानं वारा घालते म्हणे पुष्पाबाई. म्या तेवढं बी नाही केलं. लांबूनच पाहे." लाखनी गेल्यावर तिने विचारलं, "आंगठ्यायवरून समजते का वं, त्याले कितीक तरास होत होता?"

मी म्हटलं, रेषा किती उरल्या होत्या एवढंच समजतं.

*

अहवाल यायला पाच महिने लागले. मी भंडाऱ्याहून त्याची प्रत घेऊन घरी आले, तेव्हा आई जेवायला बसली होती. तिच्यापुढे फुली मारलेलं ताट होतं. बारा वर्षं ते फळीवर पालथं पडलेलं होतं. वरणात बुडवलेला घास तसाच धरून ती म्हणाली, "वाच."

"अकरा पानं आहेत."

"आकडे वाच."

मी शेवटचं पान काढलं. वर हक्कसोडपत्रातल्या ठशाचं वर्णन होतं: तेजराम, डावा अंगठा, तुलनेयोग्य बिंदू एकोणीस. त्याखाली नमुन्याच्या ठशाचं: कवडू, डावा अंगठा, तीन प्रयत्न, तुलनेयोग्य बिंदू शून्य. एप्रिल आणि मे २००६ च्या पत्रकांवर, तुलनेयोग्य बिंदू शून्य. त्याखाली पुढचे बावीस महिने आणि प्रत्येकापुढे तेजरामच्या ठशाशी जुळलेले बिंदू.

मी वाचत गेले. आईने हातातला घास ताटात ठेवला.

जून २००६, सोळा. जुलै, सोळा. ऑगस्ट, पंधरा. सप्टेंबर, पंधरा. ऑक्टोबर, चौदा. नोव्हेंबर, चौदा. डिसेंबर, चौदा. जानेवारी २००७, तेरा. फेब्रुवारी, बारा. मार्च, बारा. एप्रिल, अकरा. मे, अकरा. जून, नऊ. जुलै, नऊ. ऑगस्ट, आठ. सप्टेंबर, सात. ऑक्टोबर, पाच. नोव्हेंबर, चार. डिसेंबर, चार. जानेवारी २००८, दोन. फेब्रुवारी, एक. मार्च, शून्य.